बाहेरचा स्पीकर

“पिन बसत नाही, अण्णा.”

“बसायची नाहीच. भोक मोठं आहे आणि पिन बारीक. जोर लावू नकोस, आतली पत्ती वाकली की गेलं ते कामातून.”

मी हात काढून घेतला. ओसरीवर सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर अण्णांचं मेटल डिटेक्टर आडवं पडलं होतं. वर कोपर टेकवायची कड, मध्ये लांब दांडा, खाली जेवणाच्या ताटाएवढी काळी ताटली. ही ताटली जमिनीवरून फिरवायची. खाली धातू असला तर आवाज येतो. इतकी वर्षं तो आवाज हेडफोनमधून फक्त अण्णांच्या कानात जायचा. आता त्यांना तो बाहेर हवा होता. त्यासाठी त्यांनी जुन्या रेडिओचा स्पीकर काढून ठेवला होता आणि मला कोल्हापूरहून बोलावून घेतलं होतं.

अण्णा टेलिफोन खात्यात केबल जॉईंटर होते. जमिनीखालची केबल कुठे तुटली आहे हे वरून ऐकून शोधायचं, खड्डा घ्यायचा, शंभर-दोनशे तारा एकेक करून जोडायच्या आणि जॉईंट बंद करून वर माती ओढायची, हे काम त्यांनी तीस-एकतीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर कुणा सहकाऱ्याकडून हे मशीन विकत आणलं. संध्याकाळी नदीकाठच्या मळीवर जायचे, तासभर फिरून रिकाम्या हातानं परत यायचे. आई त्या मशीनला ‘टिटवी’ म्हणायची. “निघाले टिटवी घेऊन,” एवढंच.

गेल्या दोन वर्षांत अण्णांचे कान झपाट्यानं गेले होते. कानातलं यंत्र त्यांना नको होतं. बहिरेपणाची त्यांची एक सोय होती: ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तो त्यांना ऐकू येत नसे.

“पण एवढी घाई कसली?” मी मोठ्यानं विचारलं. “फोनवर म्हणालात, रविवारच्या आत.”

“सोमवारी पोकलेन येतंय. मळीवर बांध घालणार. दहा-बारा फूट मुरूम पडला की हे मशीन काय, कुठलंच मशीन खाली पोचायचं नाही. त्याच्या आत तिथं एकदा वाजलं पाहिजे.”

“काय आहे तिथं?”

ते स्पीकरच्या मागची धूळ पुसत होते. “तुझ्या आईची वस्तू आहे.”

“सोन्याची?”

हा प्रश्न त्यांना ऐकू आला नाही.

आत खिडकीजवळच्या पलंगावर आई उशीला टेकून बसली होती. तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढणं बंद केलं होतं. न्हाणीपर्यंत जाऊन आली तरी तिला धाप लागायची. मला वाटलं होतं, टिटवीवरून ती काहीतरी बोलेल. तिनं आतून विचारलं, “वैजू, किती लांबून ऐकू येईल गं ते?”

“बघू. अजून आवाजच निघालेला नाही.”

“मी खुर्चीत बसले तर?”

“तू कशाला येतेस तिथं?”

तिलाही ऐकू आलं नाही बहुतेक.

मिरजेत खलीलभाईंचं दुकान होतं. मैफलींचे माईक, जुने ॲम्प्लिफायर, मशिदीचा भोंगा, देवळाचा भोंगा, सगळं त्यांच्याकडे दुरुस्तीला यायचं. अण्णांची आणि त्यांची ओळख जुनी. शुक्रवारी दुपारी आम्ही मशीनची डोक्याकडची पेटी पिशवीत घालून तिथे गेलो.

“या अण्णा. काय, बँड काढताय का काय आता?”

“बूस्टर पाहिजे,” अण्णा म्हणाले. “बारीक आवाज मोठा करणारा.”

“त्यो तर सगळ्यांनाच पायजे,” खलीलभाई म्हणाले आणि स्वतःच हसले. मग पेटी हातात घेऊन त्यांनी भोकात डोकावून पाहिलं. “हे मोनो हाय. तुम्ही स्टिरिओची पिन घालाय गेला तर मधल्या मधी अडकून बसंल. पिन मोठी देतो, मोनोची. ॲम्प्लिफायरची ही बारकी पट्टी. बॅटरी मोबाईलची चालंल. बसवाल न्हवं घरी?”

“ही बसवील,” अण्णा म्हणाले. “माझा हात हलतो आता. हिला मी तारांना कथलाचा डाग द्यायला शिकवलाय लहानपणी.”

“ताई लायब्ररीत न्हवं?”

“लायब्ररीत असले तरी डाग देता येतो,” मी म्हणाले.

खलीलभाईंनी पट्टी कागदात बांधली आणि माझ्याकडे दिली. “एक ध्येनात ठेवा. बूस्टरला अक्कल नसती. चांगला आवाज वाढवंल, तसाच घाणेरडाबी वाढवंल. खरखर, घरघर, समदं एकदम.”

“मग करायचं काय?”

“आधी घाण कमी करायची. मगच वाढवायचं. गाण्याचं बी तेच.”

निघताना अण्णा दारात थांबले. “पाच-सहा हातांवरच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, खलील. म्हातारं माणूस. वारा असणार.”

“जाईल की. तुमचं कान एवढंबी गेल्यालं न्हाईत.”

अण्णांनी चपला पायात सरकवल्या. ते स्वतःबद्दलच बोलत आहेत असं मीही धरून चालले.

शनिवारी सकाळी आम्ही बसलो. मी साबणाच्या डबीला तापल्या खिळ्यानं भोकं पाडली, आत ॲम्प्लिफायरची पट्टी आणि बॅटरी बसवली. अण्णा माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते.

“आधी तार तापव, मग कथील लाव. कथील तापवून तारेवर टाकशील तर तो डाग नाही, थुंकी आहे.”

“माहीत आहे, अण्णा.”

“माहीत असतं तर असा गोळा झाला नसता. काढ तो. परत दे.”

परत दिला. स्पीकर जोडला, बटण लावलं, आणि मशीन जे किंचाळलं ते थांबेचना. आई आतून म्हणाली, “अगं बाई, मेलं काय कुणी?” मी घाबरून बटण बंद केलं. अण्णा मात्र खूश दिसत होते. त्यांना ऐकू आलं होतं.

“स्पीकरला लोहचुंबक असतं,” ते म्हणाले. “तू तो ताटलीशेजारी ठेवलास. तो थरथरतो आणि मशीनला परत परत तोच सापडतो. वर बांधायला पाहिजे, गळ्याशी.”

मग स्पीकर माझ्या शबनम पिशवीत घातला आणि पिशवीचा पट्टा आखूड करून तो छातीवर येईल असा अण्णांच्या गळ्यात अडकवला. तरी एक घरघर राहिली. ती विजेच्या मीटरची होती. अंगणाच्या टोकाला गेल्यावर कमी झाली. अण्णांनी मशीनवरचं एक बटण थोडं मागे फिरवलं, बूस्टरचं थोडं पुढे. मी पळी आणून मातीत पुरली. ताटली वरून गेली आणि पिशवीतून आवाज आला, लांब, स्वच्छ, शेवटाकडे किंचित वर चढणारा.

“आलं!” आई आतून म्हणाली. “मला ऐकू आलं हो!”

अण्णांनी ताटली पुन्हा फिरवली, पुन्हा आवाज आला. मग ते पायरीवर बसले आणि पंच्यानं तोंड पुसत राहिले. उन्हं अजून चढलीही नव्हती.

दुपारी आईनं मला डब्यातून हरभरे काढून भिजत घालायला सांगितले. ओंजळभरच. “उसळ करायचीय?” मी विचारलं. “घाल गं तू,” ती म्हणाली.

जेवून दोघं झोपले. चारच्या सुमाराला मी मशीन घेऊन निघाले. हे मी का केलं ते सांगते. अण्णांना रविवारी, आईसमोर, त्या मळीवर हात हलवत परत यावं लागू नये असं मला वाटत होतं. अंगणात चाललेलं मशीन वाऱ्यात चालेल याची खात्री नव्हती. आणि दोन गोष्टी डोक्यात होत्या: खलीलभाई म्हणाले होते आधी घाण कमी करा, आणि लहानपणी अण्णांबरोबर कामावर जायचे तेव्हा तेही खड्डा घेण्याआधी आसपासचा पत्रा-खिळा उचलून टाकायला सांगायचे. कचरा काढला की खरा आवाज कळतो, असं ते म्हणत. मी जाऊन जागा साफ करून ठेवणार होते. उद्या त्यांच्या स्पीकरमधून एकच आवाज यावा, आईच्या वस्तूचा.

मळी म्हणजे नदीनं आणून टाकलेल्या गाळाची लांब पट्टी. तिथे पूर्वी ओळीनं पाच करंज होते. ते महापुरात गेले आणि वर हातभर नवा गाळ बसला. अण्णा बोलता बोलता म्हणाले होते की काम करंजांच्या ओळीत आहे. ओळ कुठून कुठे होती ते मला अंदाजानं माहीत होतं. मी पिशवी गळ्यात अडकवली, बटणं अण्णांनी ठेवली होती तशीच ठेवली आणि चालू लागले.

मशीन उत्तम चाललं. मला आनंद झाला हे लपवत नाही. बाटल्यांची बुचं निघाली, बैलाच्या नालाचा तुकडा निघाला, खिळे, छत्रीची काडी, एक चेपलेली वाटी. खुरप्यानं उकरायचं, काढायचं, माती परत सारून पायानं दाबायची. तेरा-चौदा ठिकाणी तरी उकरलं असेन. त्यांतला एक आवाज फार बारीक होता. स्पीकर नसता तर तो मला कळलाच नसता. तिथे कोपरापर्यंत हात गेला तेव्हा हाताला तार लागली. तांब्याची, हिरवी पडलेली, गोल गुंडाळलेली. टोक आत खोचलेलं होतं. सवयीनं मी वेढे मोजले. लहानपणी अण्णा मला वेढे मोजायला लावायचे. सात होते.

टेलिफोनची तार. असली तार आमच्या गावात कुंपणांना, गोठ्यांना, वाळत घालायच्या दोऱ्यांना, कुठेही सापडायची. उन्हं उतरली होती. मी सगळा कचरा ओच्यात घेतला, काठावर गेले आणि पाण्यात फेकून दिला.

घरी आले तेव्हा अण्णा ओसरीवर उभे होते. “कुठं नेलं होतंस?”

“इथंच, पाणंदीत. वाऱ्यात ऐकू येतं का बघितलं. छान येतं.”

एवढं खोटं चालून जाईल असं वाटलं.

रविवारी सकाळी आठ वाजता रिक्षा आली. आईनं ठेवणीतलं लुगडं काढलं होतं, मोरपंखी काठाचं, जे ती लग्नकार्याला नेसायची. मांडीवर स्टीलचा छोटा डबा होता. एक प्लास्टिकची खुर्ची आम्ही रिक्षाच्या मागे अडकवली. पाणंदीच्या टोकापर्यंत रिक्षा गेली. पुढची पन्नास पावलं आईला मी आणि अण्णांनी दोन्ही बाजूंनी धरून नेलं. तिला चार वेळा थांबावं लागलं.

“परत जायचं का?” मी विचारलं.

“गप गं,” ती म्हणाली.

काठाच्या पलीकडच्या अंगाला पिवळं पोकलेन येऊन उभं होतं. चालक कुणी दिसत नव्हता. आईला खुर्चीत बसवलं, अण्णांनी स्पीकरची पिशवी माझ्याकडून घेऊन तिच्या मांडीवर ठेवली. मला समजेना.

“तुमच्या गळ्यात अडकवा ना, अण्णा.”

“वायर लांब आहे. तिच्याजवळ राहू दे.”

वायर खरंच लांब होती. दहा-बारा हातांचा तुकडा त्यांनी सकाळी माझ्या नकळत जोडला होता. डाग थरथरत्या हातानं दिलेला, खडबडीत, पण पक्का.

ते ताटली फिरवू लागले. खुर्ची मध्ये, आणि तिच्याभोवती वायरीच्या लांबीनं ते फिरत होते. स्पीकर गप्प होता. वाऱ्याची सूं सूं, आईचा श्वास. मी खूश होऊन उभी होते. जागा किती स्वच्छ झाली आहे, माझ्या मनात आलं.

पहिली दहा मिनिटं अण्णा शांत होते. मग त्यांनी खुर्ची पुढे सरकवायला सांगितली. मग आणखी पुढे.

“आवाज वाढव.”

वाढवला.

“अजून.”

“पुरता आहे, अण्णा. हे बघा.” मी किल्ल्यांचा जुडगा ताटलीखाली धरला. स्पीकर ओरडला. आई दचकली, आणि तिचे डोळे एकदम असे झाले की मी जुडगा मागे घेतला.

“ते नव्हे,” मी म्हणाले. “ते मी वाजवलं.”

“असं करू नकोस,” आई म्हणाली.

अण्णा फिरत राहिले. शर्ट पाठीला चिकटला होता. दीड तास झाला असेल. कधी ते कान देऊन थांबायचे, मान वाकडी करून, केबलवर थांबायचे तसे, आणि पुन्हा चालायचे. मशीन नीट चालत होतं आणि तिथे काही नव्हतं. शेवटी ते माझ्यापाशी आले आणि त्यांना हळू वाटणाऱ्या आवाजात म्हणाले, “पुरानंतर मी तीन दिवस शोधून काढली होती. माझ्या कानांनी ऐकली. हेडफोनवर.”

“काय आहे पण? नीट सांगा. नथ आहे? बुगडी?”

“तार आहे.”

“काय?”

“तांब्याची तार. सात वेढ्यांची. आम्ही जॉईंट पुरला की त्याच्यावर ठेवायचो, परत सापडावा म्हणून.” त्यांनी आईकडे पाहिलं. ती नदीकडे पाहत होती. “तुझ्या आधीचा. अकरा दिवसांचा होता. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. पुरुषमाणसांनीच न्यायचं, बाईला जागा सांगायची नाही, अशी तेव्हाची रीत. मी सांगितली नाही. ती विचारायची तेव्हा म्हणायचो, नदी घेऊन गेली. पण मला ती जागा सुटेना. कामावरची तार होती खिशात. ती ठेवली वर.”

मला आधी एक भाऊ होता एवढं मला माहीत होतं. ते आमच्या घरात कधी बोललं गेलं नव्हतं.

“मशीन त्यासाठीच घेतलं?” मी विचारलं.

“गुरुवारी तिला सांगितलं सगळं. बेचाळीस वर्षांनी. म्हणाली, मला ऐकवा. मी म्हटलं, हेडफोन एकाच माणसाचा असतो, तुझ्या कानाला लावला तर मला कळायचं नाही वाजतंय का. दोघांना एकदम ऐकू यायचं तर स्पीकर पाहिजे.” त्यांनी तळव्यानं कान चोळला. “माझे कान फसवताहेत का गं? वाजतंय का कुठं? खरं सांग.”

माझ्या उजव्या हाताच्या नखांत कालची माती अजून होती. मी तो हात पाठीमागे घेतला. बोलायला हवं होतं, हे तेव्हाही कळत होतं. आई खुर्चीतून म्हणाली, “नाही सापडत का हो?” तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी नाही मिळाली का, असं विचारावं तसा. आणि तिनं डबा मांडीवर सरळ केला.

“द्या माझ्याकडे,” मी अण्णांना म्हणाले. “तुम्ही दमलात. आईजवळ बसा जरा, मी फिरवते.”

माझ्या डाव्या मनगटात चांदीचं कडं होतं, पहिल्या पगाराचं. मी त्यांच्याकडे पाठ केली. काल उकरून दाबलेल्या जागा मला दिसत होत्या, तेरा-चौदा डाग, रात्रीच्या दवानं सगळे एकसारखे झालेले. बारीक आवाजाचा कोणता? नदीकडून तिसरा वाटला, मग चौथा. मी वाकून चप्पल काढली, जणू काटा लागला आहे. कडं काढलं, मऊ मातीत बोटांनी जेवढं जाईल तेवढं आत रेटलं, वर माती सारली, उभी राहिले. तिसरा की चौथा ते मला आजही सांगता येणार नाही.

मग मी ताटली त्याच्यावरून नेली.

स्पीकर आईच्या मांडीवर वाजला. लांब, स्वच्छ, शेवटाकडे वर चढणारा. पलीकडच्या बाभळीवरचे बगळे उडाले. आईनं दोन्ही हात पिशवीवर ठेवले आणि ती तशीच राहिली. अण्णा खुर्चीची पाठ धरून उभे होते.

“वाजलं,” आई म्हणाली. “अहो, वाजलं.”

अण्णा जवळ आले. मी ताटली पुन्हा नेली, पुन्हा वाजलं. त्यांनी मान वाकडी करून ऐकलं.

“फार वर आलंय,” ते म्हणाले.

“येणारच की,” आई म्हणाली. “इतक्या वर्षांत.”

तिनं आम्हाला खुर्ची तिथवर न्यायला लावली. मग खाली बसवायला सांगितलं. खाली बसवणं सोपं नव्हतं. अण्णांनी तिला काखेत धरलं, मी गुडघे सांभाळले. ती मातीवर बसली. मी थांबले तसा आवाजही थांबला. ताटली हलत असेल तरच ते मशीन वाजायचं.

“हलव गं,” आई म्हणाली. “थांबू नकोस.”

मी ताटली हलवत राहिले. इकडून तिकडे, तिकडून इकडे. तिनं डबा उघडला. आत घुगऱ्या होत्या, पहाटे उठून स्वतः उकडलेल्या, हळद-मीठ घातलेल्या. तिनं चिमूटभर मातीवर ठेवल्या, चार दाणे अण्णांच्या हातावर, चार माझ्या. मग म्हणाली, “आता पुरे. तुम्ही दोघं जरा लांब व्हा.”

आम्ही लांब झालो. ती कोपरावर टेकून वाकली. डॉक्टरांनी तिला वाकायला मनाई केली होती. तिनं मातीशी तोंड नेलं, “कुर्रर्र” म्हणाली, आणि पुढे एक नाव सांगितलं. वारा नदीकडून होता. मला ऐकू आलं नाही. अण्णांना येण्याचा प्रश्नच नव्हता.

सोमवारी मी उठले तेव्हा अण्णा अंघोळ करून ओसरीवर चहा पीत बसले होते. त्यांच्या चपला ओल्या होत्या. माझा कप त्यांच्या शेजारी झाकून ठेवला होता आणि बशीत, कपाच्या कडेला, माझं कडं होतं. धुतलेलं.

आई आत झोपली होती. कित्येक महिन्यांत ती इतका वेळ झोपली नव्हती.

“वीतभर खाली काय आणि हातभर खाली काय, ते मला कळतं,” अण्णा म्हणाले. “आयुष्यभर तेच केलं. पण तिच्यासमोर उकरणार कसं?”

मी खाली बसले. “शनिवारी मी गेले होते. साफ करायला. मला वाटलं, कचरा आहे.”

“किती वेढे होते?”

“सात.”

“टोक?”

“आत खोचलेलं.”

त्यांनी मान हलवली. “मग तीच. कुठं टाकलीस?”

“पाण्यात.”

“जागा?”

मी सांगायचा प्रयत्न केला. नदीकडून तिसरी, किंवा चौथी. बोलता बोलताच मला दिसलं की ते ऐकत नव्हते; ऐकू येत नव्हतं असं नाही. लांबून पोकलेनचा आवाज सुरू झाला. तो त्यांनाही आला असावा, कारण कप त्यांनी खाली ठेवला.

“अण्णा, मी आईला सांगते.”

“काय सांगणार? तिनं ऐकलं. तिच्यापुरतं ते झालं.” त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. “कडं घाल हातात. ती उठली की बघेल.”

मी घातलं.

आई त्यानंतर दीड वर्ष होती. मळीवर बांध झाला, बांधावर रस्ता झाला, लोक सकाळी तिथे फिरायला जाऊ लागले. आई रिक्षातून दवाखान्यात जाताना त्या बाजूला पाहायची, ओळखीच्या घराकडे पाहतात तसं. अण्णांनी मशीन माळ्यावर टाकलं आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. माझ्याशी ते आधीसारखेच वागले. त्यांनी रागवायला हवं होतं असं मला अनेक वर्षं वाटत राहिलं.

या माघात अण्णा गेले. शेवटचे दोन महिने मी गावीच होते. तेव्हा त्यांचं बोलणं मागेपुढे व्हायचं. मधूनच एखाद्या जुन्या जॉईंटचा नंबर सांगायचे, कुणाला तरी शिडी धरायला सांगायचे. जायच्या आदल्या दुपारी मात्र त्यांनी डोळे उघडले आणि मला नावानं हाक मारली.

“वैजू.”

मी त्यांच्या कानाशी वाकले.

“तिथं वाजलं होतं ना गं?”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सोमवारची ती बशी ते विसरले होते, की त्यांना आईसारखंच काही माझ्याकडून हवं होतं, ते कळायला मार्ग नव्हता. ते वाट पाहत होते, मान किंचित वाकडी करून.

“हो, अण्णा,” मी मोठ्यानं म्हणाले. “वाजलं होतं. दोघांनाही ऐकू आलं.”